मागच्या भिंतीची ओल

श्यामला लग्न होऊन धारवाडला आली तेव्हा सतरा वर्षांची होती. माहेर गदगचं, कापसाच्या व्यापाऱ्यांच्या गावातलं. तिथली हवा अशी कोरडी की सकाळी धुतलेलं लुगडं दात घासून होईतो वाळायचं. बुरशी म्हणजे शिळ्या भाकरीवर धरते ती, एवढंच तिला ठाऊक.

तिचे यजमान प्रभंजन नवलगुंदकर एका खासगी शाळेत गणित शिकवायचे. मोजकं बोलणारा, सरळ माणूस. माळमड्डी भागात उतारावर त्यांचं तीन खोल्यांचं घर, वर मंगळुरी कौलं, मागं लांबट परसू. घरात त्यांची आई आणि ते, दोघंच. नवी सून पहिल्या उन्हाळ्यात माहेराच्या आठवणीनं गप्प गप्प असायची, म्हणून प्रभंजनांनी एकदा विचारलं, "गदगच्या घरी असं काय होतं जे इथं नाही?"

ती लाजून म्हणाली, "मोगऱ्याचा वाफा होता."

दुसऱ्याच रविवारी त्यांनी दोन गाड्या माती आणवली. मागच्या भिंतीला लागून उंच वाफा करून घेतला, न्हाणीचं पाणी तिकडं वळवलं, आणि मोगऱ्याची दहा-बारा रोपं लावली. शेजारच्या बायका हसल्या. श्यामला त्या दिवसापासून धारवाडची झाली.

पुढं आषाढ आला. धारवाडचा पाऊस कोसळून मोकळा होत नाही, दिवसच्या दिवस भुरभुरत राहतो. सकाळी दार उघडावं तर धुकं उंबऱ्यापर्यंत आलेलं असायचं, आणि पंधरा पंधरा दिवस सूर्य दिसायचा नाही. एक दिवस तिनं कोनाड्यातल्या नवऱ्याच्या चपला उचलल्या, तर त्यांच्यावर हिरवट लव उगवलेली. मग तिचं लक्ष सगळीकडं जायला लागलं. पोळपाटावर पांढरे ठिपके, पेटीतल्या इरकली लुगड्याच्या घडीवर काळे डाग, पोथीची पानं एकमेकांना चिकटलेली. गुळाला पाणी सुटलेलं. आणि मधल्या खोलीची मागची भिंत तर हातभर उंचीपर्यंत काळी-हिरवी झालेली, हात लावला की मखमलीसारखी मऊ.

सासूबाई म्हणाल्या, "धारवाडात असंच असतं. आकाशच ओलं, त्याला कोण काय करणार?"

पण श्यामला हार मानणारी नव्हती. घर स्वच्छ ठेवणं हे तिच्या आईनं तिला शिकवलेलं एकच मोठं शास्त्र. ती रोज सकाळी केरसुणी घेऊन ती भिंत झाडून काढायची. काळी पूड खाली पडायची, ती गोळा करून बाहेर टाकायची. दुपारी शेगडीवर टोपली उपडी घालून तिच्यावर कपडे वाळवायची. दर उन्हाळ्यात सटवाजी गवंडी यायचा आणि भिंतीला पांढराशुभ्र चुना मारून जायचा. दर आषाढात भिंत परत काळी व्हायची. ती पुन्हा केरसुणी घ्यायची.

तीन वर्षांनी विमला झाली. गदगला बाळंतपण करून श्यामला तिला पाच महिन्यांची घेऊन आली. मधली खोली त्यातल्या त्यात उबेची, म्हणून पाळणा तिथंच टांगला. पहिले दोन पावसाळे सर्दी-खोकल्यात गेले. तिसऱ्या पावसाळ्यात पोरीची छाती वाजायला लागली. श्वास घेताना मांजर घुरघुरावं तसा आवाज यायचा, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जायची. सासूबाईंनी ओव्याची पुरचुंडी शेकली, श्यामलानं कडुनिंबाचा पाला जाळून खोलीभर धूर केला. धुरानं पोर आणखीच कासावीस झाली.

प्रभंजन डॉक्टरांना घरी घेऊन आले. डॉक्टरांनी मुलीची छाती तपासली, मग उठून भिंतीपाशी गेले. भिंतीवरून बोट फिरवलं.

"हे कोण झाडतं?"

"मीच," श्यामला म्हणाली. "रोज सकाळी."

"कोरडं?"

"हो. केरसुणीनं."

"त्या वेळी मुलगी कुठं असते?"

श्यामलानं पाळण्याकडं बोट दाखवलं. पाळण्यापासून भिंत दोन हातांवर होती.

डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "बाई, ही पूड उडते. डोळ्यांना दिसत नाही, पण श्वासातून आत जाते. यापुढं कोरडं झाडू नका. ओल्या फडक्यानं पुसा, फडकं उकळत्या पाण्यात टाका, आणि त्या आधी मुलीला दुसऱ्या खोलीत न्या."

ते रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते गेल्यावर तिनं केरसुणी उचलली आणि परसात नेऊन चुलीत घातली. दोन वर्षं रोज सकाळी आपण पोरीच्या अंगावर काय उडवत होतो, हे त्या दिवसापासून तिच्या मनातून कधी गेलं नाही.

मग ती ओल्या फडक्यानं पुसू लागली. चुन्यात मोरचूद घालून भिंतीला निळसर हात दिला. पाळणा काढून पुढच्या खोलीत नेला. पण घर केवढं, तीन खोल्यांचं. ओल सगळीकडं पोचायची. विमला पाच वर्षांची असताना श्रावणात तिला असा दमा लागला की दोन दिवस ओठ निळे पडलेले होते. तिसऱ्या दिवशी श्वास खाली बसला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "पावसाळ्याचे चार महिने हिला कोरड्या गावी ठेवा. इथं ठेवलीत तर मी खात्री देत नाही."

गदगला आता आई उरली नव्हती, आणि भावजय स्वतःच अंथरुणाला खिळलेली. प्रभंजनांची धाकटी बहीण वत्सला विजापूरला होती. तिचे यजमान पांडुरंगराव तिथं वकिली करत. त्यांच्या लग्नाला दहा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. पत्र जाताच वत्सलाचं उलट टपाली उत्तर आलं: आजच पाठवा.

श्यामलाला बरोबर जाता आलं नाही. त्याच वर्षी सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला होता, आणि त्यांना कुशीवर वळवायलासुद्धा माणूस लागत होतं. प्रभंजन मुलीला घेऊन गाडीत बसले. विमला खिडकीतून म्हणाली, "आई, तू उद्या ये."

"येते," श्यामला म्हणाली.

विजापुरात विमलाची छाती आठ दिवसांत मोकळी झाली. कार्तिकात ती परत आली तेव्हा गाल भरले होते, रंग उन्हानं रापला होता. श्यामलानं तिला मांडीवर घेतलं आणि तिला वाटलं, एवढंच तर आहे. चार महिने. त्यांची सवय होईल.

पुढच्या ज्येष्ठात विमला परत गेली, त्याच्या पुढच्याही. सात वर्षांची झाल्यावर शाळेचा प्रश्न आला. शाळा सुरू व्हायची जूनमध्ये, म्हणजे नेमकी जायच्या वेळी. अर्धं वर्ष इथं आणि अर्धं तिथं असं शिक्षण होत नाही, असं प्रभंजन म्हणाले, आणि ते शिक्षक असल्यामुळं त्यांच्यापुढं कुणाचं चाललं नाही. नाव विजापूरच्या शाळेत घातलं. तेव्हापासून विमला धारवाडला यायची ती दिवाळीला आणि मे महिन्यात.

सासूबाई गेल्या त्या वर्षी श्यामला पहिल्यांदा सवडीनं विजापूरला जाऊन राहिली. दुपारची वेळ होती. ती आणि वत्सला ओसरीवर शेवया करत बसल्या होत्या. दहा वर्षांची विमला अंगणात दोरीवरच्या उड्या मारत होती. पाय अडकून दगडावर पडली, गुडघा फुटला. श्यामला हातातलं टाकून उठली, दोन पायऱ्या उतरली, हात पुढं केले. विमला रडत रडत तिच्या शेजारून पळत गेली आणि वत्सलाच्या कुशीत शिरली. "अव्वा," म्हणाली, "रक्त आलं."

आसपासची कानडी मुलं आईला अव्वा म्हणत. वत्सलाचा चेहरा पांढराफटक पडला. मुलीला धरावं की सोडावं हे तिला कळेना.

"वहिनी, मी शिकवलं नाही हो," ती म्हणाली. "शेजारच्या पोरांचं ऐकून म्हणते. मी कितीदा सांगितलं, आत्या म्हण."

"असू द्या वन्सं," श्यामला म्हणाली. "आधी हळद लावा तिला."

आणि ती परत येऊन पाटावर बसली. शेवया वळत राहिली. त्या दिवशी तिच्या शेवया जाड झाल्या.

धारवाडला परतल्यावर तिनं नवऱ्याला विचारलं, "आपल्याला विजापूरला नाही का जाता येणार?"

"खासगी शाळेची नोकरी, बदली कुठली?" प्रभंजन म्हणाले. "तिथल्या दोन शाळांना लिहून पाहिलं मी. जागा नाही."

त्यांनी लिहिलं होतं हेच तिला ठाऊक नव्हतं.

विमलाला अकरा वर्षं पुरी होऊन बारावं लागलं त्या उन्हाळ्यात मधल्या खोलीतल्या भिंतीचा गिलावा फुगून खाली आला. मोठा पोपडा पडला, आतले दगड उघडे पडले. सटवाजीला बोलावणं गेलं. तो आता म्हातारा झाला होता. त्यानं उघड्या दगडावर तळवा टेकवला, चैत्राच्या उन्हातसुद्धा दगड गार आणि ओला होता. त्यानं मान हलवली आणि तो मागच्या दारानं परसात गेला. श्यामला त्याच्या मागं गेली.

त्यानं पहार घेतली आणि मोगऱ्याच्या वाफ्यात भिंतीलगत खुपसली. पहार लोण्यात शिरावी तशी आत गेली. वर काढली तर टोकाला काळा चिखल. मग तो परत आत आला, खिडकीच्या चौकटीपासून जमिनीपर्यंत दोरी सोडली. बाहेर जाऊन तीच दोरी चौकटीपासून वाफ्यावर सोडली. दोन्ही मापं त्यानं तिला हातावर दाखवली.

"अक्का, घरातल्या जमिनीपरास भाईरची माती दीड हात वर हाय. त्यात न्हाणीचं पानी, वरनं पावसाचं. ही भिंत आतनं भिजत न्हाई. मागनं भिजतीय. जन्मभर चुना मारला तरी वाळायची न्हाई."

श्यामलानं बराच वेळ त्या दोरीकडं पाहिलं. "सटवाजी," ती म्हणाली, "ही माती काढली तर?"

"आठ दिवसांचं काम. माती काढायची, दगडाची गटार करून पानी तिकडं सोडायचं, भिंत दोन महिनं उघडी ठेवून वाळवायची."

"आठ दिवसांचं," ती म्हणाली. "मग इतकी वर्षं तू हे सांगितलं का नाहीस?"

म्हातारा ओशाळला. "मास्तरांनी चुना मारायला सांगितला, मी चुना मारला. दर साली उन्हाळ्यात यायचो, तवा वरनं भिंत कोरडी दिसायची. भिंत का भिजती म्हनून कुनी विचारलंच न्हाई, अक्का."

वाफा फुलांनी भरलेला होता. त्याच सकाळी तिनं त्यातली फुलं तोडून गजरा केला होता. तो तिच्या केसांत होता.

संध्याकाळी प्रभंजन शाळेतून आले. तिनं सगळं सांगितलं. ते टोपी हातात धरून परसाच्या पायरीवर बसले.

"माती मी घातली," ते म्हणाले.

"मागितली मी."

"मी गणित शिकवतो. उतार, पाणी, उंची, हेच तर रोज फळ्यावर काढतो मुलांपुढं."

ती त्यांच्या शेजारी बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रभंजनांनी स्वतः कुदळ घेतली आणि मोगरा मुळासकट उपटून काढला. श्यामला टोपल्या भरून माती परसाच्या टोकाला नेत राहिली. सटवाजी म्हणाला, "अक्का, माणूस लावतो की." तिनं ऐकलं नाही.

आठ नव्हे, अकरा दिवस लागले. जुना गिलावा खरवडून काढला, भिंत वैशाखाच्या उन्हात नागडी ठेवली, मग नवा चुन्याचा गिलावा केला. आषाढ लागला, धुकं उतरलं. श्यामला रोज उठल्याबरोबर भिंतीवरून तळहात फिरवायची. श्रावण संपत आला तरी डाग नव्हता. चपला स्वच्छ होत्या. पेटीतल्या लुगड्यांना कपड्यांचाच वास होता.

तिनं विजापूरला पत्र लिहिलं: घर कोरडं झालं आहे. विमलाला पाठवा. मानवलं तर इथंच शाळेत घालू.

गणपतीच्या आधी पांडुरंगराव विमलाला घेऊन आले. सोबत मोठी ट्रंक. वत्सलानं मुलीचे झाडून सगळे कपडे, वह्या, बाहुलीसुद्धा घालून पाठवली होती. काही मागं ठेवलं नव्हतं. "ती स्टेशनवर आली नाही," पांडुरंगराव म्हणाले, "डोकं दुखत होतं."

विमला मधल्या खोलीत त्या भिंतीशी झोपली. एक दिवस, चार दिवस, आठ दिवस. बाहेर सतत भुरभुर, आणि पोरीचा श्वास पाण्यासारखा निर्मळ. श्यामलाला वाटायचं, देवानं उशिरा का होईना, ऐकलं. पण मुलगी सकाळी उठून आपलं अंथरूण आपणच घडी करून कोपऱ्यात ठेवायची. पाणी घ्यायच्या आधी "घेऊ का?" विचारायची. जेवण झाल्यावर "छान झालं होतं" म्हणायची. श्यामला तिला वेणी घालायला बसवायची तर ती पाठ ताठ ठेवून बसायची, परक्या बाईपुढं बसावं तशी.

बाराव्या दिवशी श्यामला गवारीच्या शेंगा निवडत होती. विमला समोर येऊन बसली.

"आई, एक विचारू?"

"विचार की."

"माझी छाती आता बरी झाली ना?"

"बरी झाली. तुला कळतंय की."

"म्हणजे आता मला कुठंही राहता येईल?"

"कुठंही," श्यामला हसून म्हणाली.

विमलानं एक शेंग उचलली, तिची शीर काढली. "मग मी विजापूरला राहू का?"

श्यामलाच्या हातातली शेंग तशीच राहिली. "का गं? इथं काही कमी पडतं का?"

"नाही, तू सगळं करतेस," विमला घाईनं म्हणाली. "पण मी नसले की अव्वा दुपारी जेवत नाही. नुसता चहा घेते. आणि..." तिचे डोळे भरले. "मला तिच्याशिवाय झोप लागत नाही, आई. मी तुला सांगितलं नव्हतं. तू एवढी भिंत बांधलीस म्हणून."

श्यामलानं उरलेल्या शेंगा निवडून संपवल्या. मग म्हणाली, "शनिवारी जाऊ. मी सोडायला येते."

प्रभंजनांनी ऐकलं तेव्हा ते पहिल्यांदाच चिडले. "मुलगी आपली आहे. चार महिने रडेल, मग रुळेल."

"रुळेल," श्यामला म्हणाली. "एकदा रुळलीच होती, विजापूरला. पाच वर्षांची होती तेव्हा माझ्यासाठी रडत रडत रुळली असेल. आता तेच परत करायला लावायचं? एका पोरीला दोनदा आईपासून तोडायचं?"

त्यांनी कोपऱ्यातली ट्रंक ओढून पुढं ठेवली.

विजापूरच्या घराच्या दारात वत्सला उभी होती. पंधरवड्यात निम्मी झालेली. ट्रंक उतरताना पाहून तिनं विचारलं, "वहिनी, सगळं परत आणलंत?"

"सगळं. तुमच्याकडं असू द्या."

वत्सला तिचे पाय धरायला वाकली, तशी श्यामलानं तिला वरच्या वर धरलं. दोघी तशाच उभ्या राहिल्या. विमला आत जाऊन आपली बाहुली आपल्या कोनाड्यात ठेवत होती, तिचं गुणगुणणं बाहेर ऐकू येत होतं.

विमलाचं लग्न विजापुरातूनच झालं. कन्यादानाला कोण बसणार असं भटजींनी विचारलं, तेव्हा प्रभंजनांनी स्वतःच पांडुरंगरावांचा हात धरून त्यांना पाटावर बसवलं. श्यामला बायकांत बसून अक्षता टाकत होती. वराकडच्या एका बाईनं तिला विचारलं, "तुम्ही मुलीच्या मामी का?" ती म्हणाली, "धारवाडची."

पहिलं बाळंतपण माहेरी करतात. श्यामलानं मधली खोली सारवून, खाट टाकून तयार ठेवली. डिंक, आळीव, सुंठ आणून ठेवली. विमलाचं पत्र आलं, गोल सुरेख अक्षरात: मी अव्वाकडं जाते आहे. तिथलं सगळं ओळखीचं आहे. तू तिकडंच ये, आई, तू असलीस की मला धीर येतो.

श्यामलानं डिंक आणि सुंठ पिशवीत भरली आणि गेली. दीड महिना राहून बाळ-बाळंतिणीचं सगळं केलं, आणि बारसं झाल्यावर परत आली.

उतारवयात माळमड्डीत तिची एक वेगळीच ओळख झाली. कुणाच्या घरी भिंत काळी पडली की बायका तिला बोलवायच्या. ती आत यायच्या आधी घराच्या मागं जायची, माती कुठवर चढली आहे, पाणी कुठं मुरतं आहे ते बघायची. त्यात जर घरात लहान मूल आहे असं कळलं, तर पावसातसुद्धा त्याच दिवशी कुदळ चालवायला लावायची. उन्हाळ्यात करू, असं म्हणणाऱ्यांकडून होकार घेतल्याशिवाय ती तिथून उठायची नाही.

एकदा राधा नावाच्या एका तरुण बाईकडं असंच काम चाललं होतं. तिचं वर्षाचं पोर खोकत होतं. श्यामलानं ते आपल्या पदरात गुंडाळून ओसरीवर धरलं होतं, आणि दोन माणसं मागची माती उपसत होती. राधा नुकतीच गावात आली होती, तिला काही माहीत नव्हतं. तिनं चहा आणून दिला आणि सहज विचारलं, "अक्का, तुमची मुलं कुठं असतात?"

"एकच मुलगी," श्यामला म्हणाली. "विजापूरची. तिथली हवा तिला फार मानवली."

मग तिनं बाळाच्या टाळूवरचं टोपडं नीट केलं आणि माणसांना हाक मारून सांगितलं की भिंतीलगत अजून वीतभर खाली जा.